इस्तख्र: आपल्या तकरीरीत न येणारे शहर

पवनीत सापडलेल्या एका दगडी खांबावर ब्राह्मी लिपीत एक इराणी शब्द कोरलेला आहे. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला हा 'छायाखांब'. जगन्नाथ टेकडीचा स्तूप आणि परकोट असलेले आमचे गाव प्राचीन आहे, हे १९६९-७०च्या उत्खननानंतर बऱ्याच लोकांना कळले. पण या खांबावरच्या शब्दाकडे कुणी फारसे पाहत नाही. 'क्षत्रप' हा शब्द कानाला संस्कृत वाटतो, 'क्षत्रिय'चा भाऊबंद वाटतो. दूरच्या नात्याने तो आहेही. पदवी म्हणून मात्र तो प्राचीन इराणमधून आला. राज्याचा रक्षक तो क्षत्रप. यातला 'राज्य' या अर्थाचा जो मूळ शब्द आहे, तोच झिजत झिजत फारसीत 'शहर' झाला. आधी त्याचा अर्थ राज्य होता, नंतर नगर झाला. तो उर्दूत आला, मराठीतही आला. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे असल्या शब्दांच्या मागे लागायची खोड आहे. या वेळी त्या मागे लागण्यातून मी एका पडलेल्या शहरापर्यंत पोचलो.

निमित्त मात्र वर्गातले. शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत ऑगस्टमध्ये 'पारशी नववर्ष दिन (शहेनशाही)' असतो. आमच्याकडच्या मुलांनी पारशी माणूस पाहिलेला नसतो, सुट्टी तेवढी माहीत असते. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे लोक इराणमधून का निघाले?" मी बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आले, "मुसलमानांनी हाकलले म्हणून." वर्ग उर्दू माध्यमाचा. सगळी मुले माझ्याकडे बघू लागली. आता सर काय म्हणतात!

एका वाक्यात 'हो' किंवा 'नाही' म्हणून सुटण्यासारखे ते नव्हते. त्या तासाला मी जे सांगितले आणि नंतर जे आणखी वाचले, ते इथे मांडतो आहे.

इराणमधील फार्स प्रांतात, तख्त-ए-जमशीद म्हणजे पर्सेपोलिसच्या अवशेषांपासून साधारण पाच किलोमीटरवर इस्तख्र नावाचे शहर होते. आज तिथे मातीचे उंचवटे आणि काही दगड आहेत. सासानी घराण्याचे मूळ या शहरात. त्यांचा पूर्वज सासान इथल्या अनाहिता देवीच्या अग्निमंदिराशी जोडलेला होता, असे परंपरा सांगते. इ.स. २२४ मध्ये याच घराण्यातल्या अर्दशीरने पार्थियन राजाला हरवून साम्राज्य उभे केले. पुढे राजधानी इराकात मदाइनला गेली, तरी इस्तख्रचा मान गेला नाही. राजधानी हे कारभाराचे ठिकाण, इस्तख्र हे देवघर. आपल्याकडे साताऱ्याच्या गादीला जो मान पेशवाईतही राहिला, तसे काहीसे म्हणता येईल.

शेवटचा सासानी बादशाह तिसरा यज्दगर्द याचा राज्याभिषेक मदाइनमध्ये झाला नाही, इस्तख्रमध्ये झाला. साल ६३२. राजवाड्यातल्या खुनाखुनीत वारसच उरले नव्हते. त्यामुळे शहरयारचा मुलगा आणि दुसऱ्या खुस्रोचा नातू असलेल्या या पोरसवदा मुलाला सरदारांनी तख्तावर बसवले. त्याच्या नावाने जो सन सुरू झाला तो १६ जून ६३२ पासून मोजतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांची वफात झाली ती ८ जून ६३२ रोजी. म्हणजे मदिनेत हजरत अबू बक्र (रजि.) यांची खिलाफत आणि इस्तख्रमध्ये यज्दगर्दचा सन, यांच्यात जेमतेम आठवड्याचे अंतर. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची खबरही नसेल.

यापुढचे आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. जलशातल्या तकरीरीत 'कैसर व किसरा' येतात. कादिसियाची लढाई येते, ६३७ मध्ये मदाइन पडले ते येते, किसराच्या महालातला तो जवाहिऱ्यांनी मढवलेला गालिचा येतो. नहावंद, ६४२. बस. तिथे वक्ता पाणी पितो आणि स्पेनकडे वळतो. इस्तख्र कुणी घेत नाही. का घेत नाही, ते पुढचे वाचल्यावर लक्षात येईल.

फार्सवरची पहिली मोहीम मुळात परवानगीशिवायची होती. बहरैनचे सुभेदार अला बिन हजरमी यांनी ६३८च्या सुमारास खलिफा हजरत उमर (रजि.) यांना न विचारता आखात ओलांडून फौज उतरवली आणि इस्तख्रच्या दिशेने घुसवली. ती फौज अडकली, परतीची वाट बंद झाली. शेवटी बसऱ्याहून कुमक पाठवून तिला सोडवावे लागले, आणि अला यांना पदावरून दूर केले गेले. समुद्रावरून फौजा धाडणे हजरत उमर यांना पसंत नव्हते. तेव्हा फुतूहात म्हणजे एकाच हुकुमाने, एकाच इराद्याने पुढे सरकणारी लाट होती, हे चित्रच चुकीचे. त्यात घाई होती, सरदारांची आपसातली चढाओढ होती, लुटीचा हिशेबही होता.

पुढे उस्मान बिन अबुल आस आणि अबू मूसा अशअरी यांच्या फौजा रीतसर आल्या, फार्सचा मर्जबान शहरक लढाईत मारला गेला, आणि ६४३-४४च्या सुमारास इस्तख्रने तह केला. जिझिया द्यायचा, जीव आणि घरेदारे सुरक्षित. शहर उभे होते, आतषकदा जळत होता. इथेच थांबले असते तर सांगायला सोपे झाले असते.

थांबले नाही. हजरत उमर शहीद झाल्यावर फार्स पुन्हा पेटला. इस्तख्रच्या लोकांनी तह मोडला, अरब अंमलदाराला ठार केले. त्यांच्या बाजूने पाहा. बादशाह अजून जिवंत होता. मोडलेल्या साम्राज्यातली बडी घराणी आणि घोडेस्वारांचे सरदार याच शहरात आसऱ्याला आले होते. ज्या मंदिरात तख्तनशिनी झाली, तिथल्या लोकांनी स्वस्थ बसून कर भरत राहावे, ही अपेक्षाच जास्त होती. आपल्या गावावर परकी अंमल आला आणि लोक उठले तर आपण त्यांना स्वातंत्र्यवीर म्हणतो. इस्तख्रच्या लोकांना अरबी ग्रंथ 'करार मोडणारे' म्हणतात. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत.

बंड मोडायला बसऱ्याचा नवा सुभेदार अब्दुल्लाह बिन आमिर आला. वय पंचविशीचे, खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांचा मामेभाऊ. ६४९-५०च्या सुमारास त्याने शहराला वेढा घातला, मंजनीक लावून दगडांचा मारा केला आणि शहर बळाने घेतले. नंतर कत्तल झाली. नवव्या शतकातला इतिहासकार बलाजुरी आकडा देतो चाळीस हजार, आणि सांगतो की आसऱ्याला आलेली बहुतेक बडी घराणी आणि घोडदळाचे सरदार संपवले गेले.

बलाजुरी हा कोणी इस्लामचा दुश्मन नव्हे. त्याचा 'फुतूहुल बुल्दान' आपल्या मदरशांच्या कपाटात असतो. ही कत्तल कुण्या युरोपीय पंडिताने शोधून काढलेली नाही, आपल्याच पूर्वसूरींनी लिहून ठेवली आहे. त्यांना ती लपवावीशी वाटली नाही. लपवायची गरज आपल्याला वाटू लागली, तीही अलीकडे.

आता त्या आकड्याबद्दल. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'फार्सनामा'त हीच गोष्ट आणखी रंगते. बिन आमिरने शपथ घेतली की रक्त वाहीपर्यंत मारीन. रक्त वाहेना, तेव्हा गरम पाणी ओतले, मग ते वाहिले. हे वाचताना मला थबकायला झाले, कारण खालिद बिन वलीद यांच्या इराकातल्या उल्लैसच्या लढाईबद्दल तबरीत अशीच गोष्ट आहे. तशीच शपथ, आणि रक्त वाहावे म्हणून शेवटी पाणीच सोडलेले. म्हणजे ही कथा एका युद्धातून दुसऱ्या युद्धात फिरणारी होती, जशी आपल्या बखरींमधून काही वर्णने इकडून तिकडे फिरतात. चाळीस हजार हाही 'अगणित' म्हणायचा ठोकळ आकडा असावा. घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिणाऱ्याच्या हाती मेलेल्यांची यादी नव्हती.

पण आकडा ठोकळ आहे म्हणून कत्तलच झाली नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. पानिपतावर लाख बांगडी फुटली असे आपण म्हणतो. बांगड्या कुणी मोजल्या नव्हत्या, म्हणून पानिपत झाले नाही असे कुणी म्हणते का? आणखी एक सांगतो, आमच्यातल्या काहींना बोचेल. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद बुडवले तेव्हाचे मृतांचे आकडे जुन्या ग्रंथांत आठ लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. ते आकडे आपण कधी तपासायला घेत नाही. डोळ्यांत पाणी आणून सांगतो. बगदादसाठी एक तराजू आणि इस्तख्रसाठी दुसरा, हे चालायचे नाही.

यज्दगर्द तोवर फार्समधून निघून किरमान, सीस्तान करत पूर्वेकडे गेला होता. ६५१ मध्ये मर्वजवळ एका चक्कीवाल्याच्या हातून तो मारला गेला. फार्स मात्र यानंतरही शांत नव्हता. हजरत अली (रजि.) यांच्या काळात पुन्हा कर बंद झाले, तेव्हा ६५९ मध्ये जियाद बिन अबीहीला धाडले. त्याने तलवारीपेक्षा बोलणी जास्त केली, एका गटाला दुसऱ्याशी भिडवले, कुणाला आश्वासने दिली. तबरी लिहितो की फार्सचे लोक म्हणत, या अरबाचा कारभार नौशेरवानची आठवण करून देतो.

इतके होऊनही इस्तख्र संपले नव्हते, हे त्या शहराचे खरे नवल. तिथल्या टांकसाळीतून पडलेली सातव्या शतकातली चांदीची नाणी आजही मिळतात. त्यांवर सासानी बादशाहाचा मुकुटधारी चेहरा आहे, मागे अग्निवेदी आणि दोन सेवक आहेत, पहलवी अक्षरे आहेत, आणि कडेला अरबीत 'बिस्मिल्लाह'. जिंकणाऱ्यांना नाणी पाडता येत नव्हती. पाडणारे कारागीर तेच, साचे तेच. लोकांचा विश्वासही जुन्या चेहऱ्यावर. मग कडेची जागा घेतली. बरीच वर्षे असेच चालले.

शहर खरे ओसरले ते शिराजमुळे. ६९३च्या सुमारास अरबांनी शिराज वसवले, वाढवले. कारभार तिकडे गेला, त्यामागे बाजार गेला. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इस्तख्र शंभरेक माणसांचे खेडे उरले होते. शहर मरते ते बहुधा असे, कचेरी हलली की. आमच्या विदर्भात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मधल्या अडीच-तीनशे वर्षांत मात्र तिथे माणसे होती, आणि ती सगळी मुसलमान झालेली नव्हती. दहाव्या शतकात याच शहराचे नाव लावणारा एक भूगोलकार झाला, अबू इसहाक इस्तखरी. तो लिहितो की फार्समध्ये अग्निपूजक जितके आहेत तितके दुसरीकडे कुठे नाहीत, आणि आतषकदा नाही असे गाव-परगणा सापडणे कठीण. 'एका हातात तलवार, दुसऱ्या हातात कुराण' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य विचारात घ्यावे. शहर पडून तीनशे वर्षे झाली होती. आणि 'इराणने आनंदाने इस्लाम कबूल केला' म्हणणाऱ्यांनीही घ्यावे, कारण तीनशे वर्षे जे लोक जिझिया भरत जुना धर्म धरून होते, ते आनंदाने कबूल करणारे नव्हते. त्यांचा दर्जा दुय्यम होता, वरचे पद हवे तर कलमा पढणे सोयीचे होते, आणि हा दबाव तलवारीपेक्षा सावकाश पण जास्त पक्का असतो.

इस्तख्रच्या जामा मशिदीचे वर्णन मुकद्दसीने दहाव्या शतकाच्या शेवटी केले आहे. बाजारातली मशीद, आणि तिच्या खांबांच्या माथ्यावर गाईची मस्तके. पूर्वी तो आतषकदा होता असे लोक सांगतात, असे तो लिहितो. ज्यांनी दौलताबादच्या किल्ल्यातली १३१८ची जामा मशीद पाहिली आहे, त्यांना हे खांब डोळ्यांपुढे आणायला अडचण पडणार नाही. तिथलेही खांब देवळांचेच. १९४८ नंतर त्याच इमारतीत भारतमातेची मूर्ती आली. दगड तेच राहतात. यावर जास्त बोलत नाही.

आता मसऊदी. हा बगदादचा फिरस्ता इतिहासकार. हिजरी ३०३ मध्ये, म्हणजे इ.स. ९१५-१६ला, तो इस्तख्रमध्ये होता. तिथल्या एका खानदानी फारसी घरात त्याने एक मोठा ग्रंथ पाहिला. त्यात सासानी बादशाहांची चित्रे होती. पंचवीस पुरुष, दोन स्त्रिया, प्रत्येकाचा पोशाख आणि मुकुट वेगळा. बलाजुरीच्या म्हणण्याप्रमाणे जी बडी घराणी संपली होती, त्यांच्यातलेच कुणीतरी अडीचशे वर्षे आपल्या राजांची तसबिरींची वही जपून बसले होते, आणि मुसलमान पाहुण्याला ती उघडून दाखवत होते.

पुढच्याच वर्षी, हिजरी ३०४ला, हा मसऊदी आपल्याकडे आला. रायगड जिल्ह्यातले चौल, त्याच्या लिखाणातले 'सैमूर'. तिथे त्याला शिलाहार राजा झंझ याच्या राज्यात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहताना दिसले. काही इथेच जन्मलेले, काही ओमान, बसरा, बगदादचे, काही सीराफचे. सीराफ हे त्याच फार्स प्रांताचे बंदर. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता आणि त्याला म्हणत 'हुनरमन'. शब्द फारसी, 'हुनर'वाला. आपला 'हुन्नर' तोच.

इस्तखरीही लिहितो की बल्हराच्या म्हणजे राष्ट्रकूटांच्या मुलखात मुसलमानांवर मुसलमानच अंमलदार असतो आणि तिथे जामा मशिदी आहेत. हे पोकळ कौतुक नाही, याचा पुरावा पालघर जिल्ह्यात चिंचणीला ताम्रपटाच्या रूपाने मिळाला आहे. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजान मंडलावर राज्य करणारा अधिकारी होता 'मधुमति', म्हणजे मुहम्मद, जातीने 'ताजिक'. त्याने नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, भात-कालवण-तुपाचे अन्नछत्र घातले, आणि त्याच्या राजवटीत भगवतीच्या मठिकेला जमीन दिली गेली. बापाचे नाव ताम्रपटात 'सहियारहार' असे आहे. अभ्यासक ते 'शहरयार' वाचतात. ताजिक म्हणजे अरब म्हणवणारा मुहम्मद, आणि बापाचे नाव यज्दगर्दच्या बापाचे! त्या नावातला 'शहर' म्हणजे आमच्या खांबावरच्या क्षत्रपाचा चुलतभाऊ.

आणि संजान म्हणजे तेच, पारशी जिथे उतरले. त्यांची 'किस्सा-इ-संजान' ही फारसी पद्यकथा १५९९ची, नवसारीत रचलेली. दुधात साखरेची प्रसिद्ध गोष्ट तिच्यात नाही, ती नंतरची. किस्सा सांगतो त्याप्रमाणे हे लोक बादशाही पडल्यावर शंभर वर्षे डोंगरात राहिले, मग होर्मुझ, मग दीव, मग संजान. म्हणजे त्यांची स्वतःची परंपरासुद्धा म्हणत नाही की शहर पडले आणि दुसऱ्या दिवशी सगळे जहाजात बसले. निघायला पिढ्या लागल्या. काहींना धर्म वाचवायचा होता, काहींना समुद्रावरचा व्यापार माहीत होता. बहुसंख्य निघालेच नाहीत. वर्गात मी मुलांना हेच म्हणालो: "मागच्या बाकावरून आलेले उत्तर खोटे नाही, पण फार छोटे आहे."

इस्तख्रमध्ये सुरू झालेला सन इराणमध्ये हळूहळू मागे पडला. पश्चिम किनाऱ्यावर तो टिकला. लीप वर्ष न धरता तो चालत राहिला, म्हणून त्याचा पहिला दिवस सरकत सरकत आज ऑगस्टमध्ये येतो आणि आम्हाला सुट्टी देतो. मुंबईत बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत, नव्वद क्रमांकाच्या गुंफेत, पहलवी लिपीत काही लेख आहेत. बौद्ध लेणे पाहायला आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी आपली नावे आणि तारीख भिंतीवर कोरली आहे. सर्वांत जुन्या लेखाची तारीख १० ऑक्टोबर १००९ला पडते. शके ९३१ चालू होते, हिजरी ४०० नुकतेच लागले होते. त्यांनी कोरले ते साल आहे यज्दगर्दी ३७८.